चालू सर्व्हरमध्ये एक्स्पान्शन कार्ड पुन्हा बसवण्याची पद्धत: पार्श्वभूमी

देखभालीसाठी काढलेले नेटवर्क किंवा स्टोरेज कार्ड चालू सर्व्हरमध्ये परत बसवताना जो क्रम पाळावा लागतो, त्यातल्या अनेक पायऱ्या प्रथमदर्शनी अनावश्यक वाटतात. आधी ऑपरेटिंग सिस्टीमला स्लॉट सांगायचा, तिने त्या स्लॉटचा दिवा लुकलुकवून जागेची खात्री पटवल्यावर कार्ड आत सरकवायचे, मग आज्ञा देऊन स्लॉटची वीज चालू करायची, हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि एवढे झाल्यावरही कित्येक प्रणालींवर डिव्हाइस कॉन्फिगर करण्याची आज्ञा वेगळी द्यायची. याउलट त्याच सर्व्हरच्या दर्शनी भागातील हार्ड डिस्क हाताने ओढून काढता येते आणि ढकलून बसवता येते. कार्डाच्या वाट्याला आलेल्या या सोपस्कारांचे मूळ १९९७ मध्ये घेतलेल्या एका निर्णयात आहे.

यंत्र न थांबवता भाग बदलण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या टँडम कंपनीच्या नॉनस्टॉप संगणकांत प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी असल्यामुळे बिघडलेला भाग बाजूला काढून दुरुस्त करता येत असे. मात्र ती संपूर्ण यंत्रेच त्या हेतूने घडवलेली आणि महागडी होती. कार्डे मदरबोर्डला जोडणाऱ्या सामायिक तारांची, म्हणजे पीसीआय बसची, पहिली आवृत्ती १९९२ मध्ये आली, तेव्हा चालू यंत्रातून कार्ड काढण्याची तरतूद तिच्यात नव्हती. कार्डाच्या कडेवरील सर्व संपर्कपट्ट्या सारख्याच लांबीच्या होत्या, त्यामुळे वीज, जमीन (ग्राउंड) आणि सिग्नल कोणत्या क्रमाने जुळतील याचा भरवसा नव्हता. कार्डावरील रिकामे कपॅसिटर एकदम भरू लागले की व्होल्टेज कोसळे. शिवाय एका बसवरची सर्व कार्डे त्याच तारा वापरत असल्याने एका स्लॉटमधला विद्युत धक्का शेजारच्या कार्डाच्या चालू व्यवहारात मिसळे.

१९९७ मध्ये पीसीआय हॉट-प्लगची, म्हणजे चालू यंत्रात कार्ड काढण्या-बसवण्याची, पहिली अधिकृत संहिता आली, तेव्हा दोन मार्ग उपलब्ध होते. कार्ड आणि कनेक्टर बदलावेत हा एक, आणि कार्डाला हात न लावता सर्व हुशारी स्लॉटच्या बाजूला ठेवावी हा दुसरा. संहितेने दुसरा मार्ग स्वीकारला. प्रत्येक स्लॉटची वीज स्वतंत्रपणे तोडता यावी म्हणून ट्रान्झिस्टर स्विच आले, बसच्या तारा स्लॉटपासून अलग करणारे आणखी स्विच आले आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा कंट्रोलर मदरबोर्डवर आला. कार्ड बसवले जाते तेव्हा स्लॉट पूर्णपणे मृत असतो. त्यानंतर कंट्रोलर वीज देतो, क्लॉक (कामाचा ताल देणारा सिग्नल) आणि बस जोडतो आणि रिसेट, म्हणजे कार्डाला रोखून धरणारा सिग्नल, सोडतो. पीसीआयच्या नियमांनी रिसेट सुटल्यापासून पहिल्या कॉन्फिगरेशन वाचनापर्यंत (कार्डाची ओळख विचारेपर्यंत) कार्डाला २ चा २५वा घात इतकी क्लॉक आवर्तने दिली आहेत. ३३ मेगाहर्ट्झला हा काळ साधारण एक सेकंद भरतो. त्या काळात कार्ड गप्प राहिले म्हणून ते बिघडले असे मानता येत नाही.

या निवडीवर मतभेद तेव्हापासून आहेत, आणि ते निराधार नाहीत. कार्ड काढायचे आहे हे स्लॉटला आपोआप कळण्याची सोय नसल्याने माणसाने आधी सॉफ्टवेअरला विचारावे, ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) चालू व्यवहार थांबवावेत, मग वीज तोडावी आणि त्यानंतरच कार्डाला हात लावावा, असा करार गृहीत धरला गेला. करार मोडला तर काय करायचे हे संहितेने जवळजवळ सोडूनच दिले. दूरसंचार यंत्रणांसाठीच्या कॉम्पॅक्टपीसीआयने १९९८ मध्ये नेमकी उलट वाट धरली. तिच्या कनेक्टरमध्ये पिनांची लांबी कमी-जास्त ठेवलेली आहे, त्यामुळे जमीन आणि सुरुवातीची वीज आधी जुळते आणि कार्ड पूर्ण बसल्याची खूण देणारी आखूड पिन सर्वांत शेवटी. कार्डाच्या मुठीत असलेला स्विच उघडताच कार्ड स्वतः सॉफ्टवेअरला इशारा देते आणि काढणे सुरक्षित झाल्यावर निळा दिवा लागतो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही रचना सरस होती, हे मान्य करायला हवे. पण ती स्वीकारायची तर आधी विकली गेलेली सर्व पीसीआय कार्डे निरुपयोगी ठरली असती, आणि हॉट-प्लगसाठी वेगळी, महाग कार्डे घ्यायला सर्व्हरचे ग्राहक तयार झाले असते असे वाटत नाही. साधे कार्ड आहे तसेच चालावे या अटीमुळेच ही सोय दूरसंचाराच्या खास पेट्यांबाहेर पडली. किंमत मात्र शिस्तीच्या रूपाने देखभाल करणाऱ्याला मोजावी लागली.

खरी चूक दुसरीकडे झाली. दिवे कोणत्या रंगाचे असावेत, लुकलुकण्याचा अर्थ काय, बटण असावे की नसावे, हे ठरवणे उत्पादकांवर सोपवले गेले. परिणामी एका यंत्रात ‘काढायला हरकत नाही’ असे सांगणारी खूण दुसऱ्या यंत्रात वेगळेच काही सुचवू शकत होती. २००१ मध्ये स्टँडर्ड हॉट-प्लग कंट्रोलरची संहिता आली आणि हा गोंधळ आवरला गेला. हिरवा दिवा स्थिर असेल तर वीज चालू, लुकलुकत असेल तर बदल सुरू, विझलेला असेल तर स्लॉटची वीज बंद. पिवळा दिवा स्थिर असेल तर अडचण, लुकलुकत असेल तर ‘हाच तो स्लॉट’. आजच्या यंत्रांवरही बहुतांशी हीच भाषा दिसते.

कार्ड परत बसवण्यात हार्डवेअरपेक्षा सॉफ्टवेअरची बाजू अधिक अडखळत आली आहे. सर्व्हर सुरू होताना फर्मवेअर (यंत्रातच साठवलेले प्राथमिक सॉफ्टवेअर) प्रत्येक स्लॉटमागच्या ब्रिजला, म्हणजे दोन बस जोडणाऱ्या चिपला, बस क्रमांक आणि मेमरी पत्त्यांची खिडकी, म्हणजे राखीव पट्टा, वाटून देते. तेच कार्ड परत आले तर त्याची जागा त्या खिडकीत असतेच. अधिक मेमरी मागणारे किंवा स्वतःच ब्रिज असलेले कार्ड आले तर वीज व्यवस्थित मिळूनही ते दिसत नाही, कारण शेजाऱ्यांचे पत्ते चालू कामात हलवता येत नाहीत. वेगाचेही तसेच आहे. ६६ मेगाहर्ट्झने धावणाऱ्या बसवर ३३ मेगाहर्ट्झचे कार्ड जोडायचे तर साऱ्या बसला थांबवून तिचा वेग उतरवावा लागतो, म्हणून कंट्रोलर असे कार्ड जोडायला नकार देई.

पीसीआयची पुढची पिढी असलेल्या २००२ च्या पीसीआय एक्स्प्रेसने सामायिक तारा संपवल्या आणि हॉट-प्लग मूळ संहितेतच आणले. कार्डाच्या दोन टोकांना असलेल्या उपस्थितीदर्शक पट्ट्या आखूड ठेवल्या गेल्या, त्यामुळे कार्ड तिरके बसले असेल तर ते पूर्ण बसले असे समजले जात नाही. बटण दाबल्यावर हिरवा दिवा लुकलुकतो आणि विचार बदलल्यास पाच सेकंदांच्या आत तेच बटण पुन्हा दाबून विनंती मागे घेता येते. पण बटण, दिवे, खटक्याचा सेन्सर, वीज नियंत्रण यांपैकी प्रत्येक गोष्ट ऐच्छिक ठेवली गेली. कोणत्या स्लॉटला काय आहे हे त्याच्या क्षमता-रजिस्टरमधील बिट सांगतात. त्यामुळे एकाच यंत्रातील दोन सारख्या दिसणाऱ्या स्लॉटपैकी एक हॉट-प्लग असतो आणि दुसरा नसतो, आणि नेमका कोणता हे नुसते बाहेरून पाहून कळत नाही.

१९९७ चा करार प्रत्यक्षात मोडला तो डिस्कांनी. फ्लॅश डिस्कांशी बोलण्याच्या एनव्हीएमई या पद्धतीची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आली आणि डिस्क थेट पीसीआय एक्स्प्रेसला जोडल्या जाऊ लागल्या. डिस्क न विचारता ओढण्याची सवय जुनी होती आणि ती बदलणार नव्हती. डिव्हाइस अचानक नाहीसे झाले की ड्रायव्हरच्या वाचनाला सर्व बिट १ असलेले उत्तर येते. ते खरे आकडे समजून पुढे जाणारा ड्रायव्हर यंत्र बंद पाडू शकतो. म्हणून बिघाड त्या पोर्टपुरताच कोंडून ठेवणारी डीपीसी (डाउनस्ट्रीम पोर्ट कंटेनमेंट) ही सोय संहितेत आली आणि लिनक्सच्या ड्रायव्हरांना अचानक गैरहजेरी तपासायला शिकवले गेले.

कार्डांच्या बाबतीत एवढी निकड उरली नाही. २००३ च्या सुमारास चालू व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) एका यजमान सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे व्यवहारात आले आणि कार्डासाठी यंत्र रिकामे करून बंद करणे हाच सोपा उपाय ठरला. पातळ रॅक सर्व्हरमध्ये कार्ड रायझरवर (उभ्या जोडपट्टीवर) आडवे बसते आणि झाकण उघडे राहिले की हवेचा प्रवाह बिघडतो, हेही कारण आहेच. चालू यंत्रातील बदल आज मुख्यतः मोठ्या सर्व्हरांपुरता उरला आहे. तिथे अडचण बहुधा ओळखीची असते. फायबर चॅनल कार्ड (सर्व्हरला स्टोरेजच्या जाळ्याशी जोडणारे) तेच परत बसवले तर स्टोरेजच्या जाळ्यातील त्याचा जागतिक क्रमांक तोच राहतो, पण बदली कार्ड आले तर झोनिंग (जाळ्यात कोणी कोणाशी बोलावे याची आखणी) आणि डिस्कांची परवानगी नव्याने द्यावी लागते. लिनक्समध्ये २०१३ पासून रूढ झालेल्या पद्धतीत नेटवर्क इंटरफेसचे नाव स्लॉटच्या क्रमांकावरूनही ठरते. अशा ठिकाणी दुरुस्त झालेले कार्ड घाईत शेजारच्या स्लॉटमध्ये बसवले, तर कार्ड चालते, लिंक येते, पण जुन्या नावाने लिहिलेली नेटवर्क पत्त्यांची मांडणी त्याला लागू होत नाही.