सेवा क्लबांच्या शिष्यवृत्त्या आणि युवा पुरस्कार: पार्श्वभूमी

रोटरी, लायन्स, किवानिस यांसारखे सेवा क्लब आज शिष्यवृत्त्या देतात, ‘महिन्याचा विद्यार्थी’ निवडतात, वक्तृत्व आणि निबंध स्पर्धा भरवतात. क्लब स्थापन झाले तेव्हा यातले काहीच कोणाच्या डोक्यात नव्हते. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस यांनी २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पहिली बैठक घेतली ती व्यावसायिकांच्या आपसातल्या ओळखी वाढाव्यात म्हणून. डेट्रॉइटचे किवानिस (१९१५) आणि पाठोपाठ आलेले लायन्स (१९१७) हेही मुळात धंदेवाईक मंडळींचेच मेळावे. तरुणांकडे त्यांचे लक्ष वळले ते मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर, आणि त्यामागे कौतुकापेक्षा काळजी जास्त होती.

१९२० मध्ये न्यूयॉर्कच्या रोटरी क्लबने मुलांसाठी खास सप्ताह सुरू केला. मे महिन्यात हजारो मुलगे रस्त्यावरून संचलन करत जात. कामगार दिनाच्या मोर्चांना उत्तर म्हणून हे संचलन होते, हे तेव्हा कोणी लपवतही नव्हते. पाच वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये किवानिसच्या आधाराने पहिला ‘की क्लब’, म्हणजे शाळकरी मुलांचा सेवा क्लब, निघाला. शाळांमधल्या विद्यार्थ्यांच्या बंदिस्त टोळक्यांना काहीतरी चांगला पर्याय हवा, हा त्यामागचा विचार. दोन्ही ठिकाणी रोख मुलग्यांवर होता, आणि मुलगा वाया जाऊ नये एवढीच अपेक्षा होती. हुशारीला बक्षीस द्यावे ही कल्पना नंतरची.

ती आली वक्तृत्वातून. ऑप्टिमिस्ट या आणखी एका सेवा संघटनेच्या क्लबांची वक्तृत्व स्पर्धा १९२८ पासून चालू आहे. या क्लबांचा सगळा संसारच साप्ताहिक जेवणावर आणि त्यानंतरच्या भाषणावर उभा होता. त्यामुळे उभे राहून न अडखळता बोलणारा मुलगा म्हणजे उद्याचा यशस्वी माणूस, हे समीकरण सभासदांना पटायला वेळ लागला नसावा. पुढे त्यात चारित्र्याची मोजपट्टी मिसळली. शिकागोचे उद्योजक हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये आपली डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना स्वतःसाठी चार प्रश्न लिहून काढले होते. हे सत्य आहे का, सर्व संबंधितांना न्याय्य आहे का, अशा धर्तीचे. रोटरीने १९४३ मध्ये ते आपले मानले, आणि आज कित्येक रोटरी क्लब शाळकरी मुलांना याच चार प्रश्नांवर निबंध लिहायला आणि भाषण करायला लावतात. दिवाळखोरी टाळण्यासाठी लिहिलेले वाक्य सोळा वर्षांच्या मुलाच्या चारित्र्याची कसोटी ठरावे, यात थोडी गंमत आहे.

पुरुषांचे क्लब मुलग्यांना वळण लावण्यात गुंतलेले असताना महिलांच्या संस्था थेट पैशांवर आल्या होत्या. आयोवातल्या माउंट प्लेझंट इथे १८६९ मध्ये सात विद्यार्थिनींनी सुरू केलेल्या पी.ई.ओ. या संघटनेने १९०७ मध्येच उच्च शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी कर्जनिधी उभारला. शिष्यवृत्ती नव्हे, कर्ज. फेडलेल्या पैशांतून पुढच्या मुलीला कर्ज मिळे. व्यावसायिक स्त्रियांच्या झोन्टा संघटनेने १९३८ मध्ये विमानशास्त्रात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी अभ्यासवृत्ती सुरू केली आणि तिला आपल्या बेपत्ता झालेल्या सभासद, वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांचे नाव दिले. त्या काळात इतक्या नेमक्या विषयाला वाहिलेली अभ्यासवृत्ती पुरुषांच्या क्लबांपैकी कोणाला सुचली असती असे वाटत नाही. बक्षीस कोणाला मिळणार हे टेबलाभोवती कोण बसले आहे यावर ठरते, हा या सगळ्या इतिहासातला कायमचा धागा आहे.

एल्क्सच्या गोष्टीत तो सर्वांत ठळक दिसतो. काटेकोरपणे पाहिले तर एल्क्स हा सेवा क्लब नव्हे, १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेला बंधुसंघ. पण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांमध्ये त्याचे नाव मोठे आहे. त्याचे राष्ट्रीय प्रतिष्ठान १९२८ चे, आणि त्याची ‘मोस्ट व्हॅल्युएबल स्टुडंट’ शिष्यवृत्ती आजही अमेरिकेत हजारो मुले मागतात. या संघाने वर्णाची अट घटनेतून काढली ती १९७३ मध्ये. प्रवेश नाकारलेल्या कृष्णवर्णीयांनी १८९८ मध्येच स्वतःचा वेगळा एल्क्स संघ काढला होता. त्या संघाने १९२० च्या दशकात शिक्षण विभाग उभारला, शिष्यवृत्त्या दिल्या आणि राज्यघटनेवर वक्तृत्व स्पर्धा सुरू केली. विषयाची निवडच बोलकी होती: ज्या घटनेने दिलेले हक्क प्रत्यक्षात मिळत नव्हते, त्याच घटनेवर मुलांनी बोलायचे.

एप्रिल १९४४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या डब्लिन गावी या स्पर्धेत पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी बोलला. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. परतीच्या प्रवासात अटलांटाकडे जाणाऱ्या बसमध्ये चालकाने त्याला आणि त्याच्या शिक्षिकेला गोऱ्या प्रवाशांसाठी जागा सोडायला लावली, आणि दोघांना बराच वेळ उभ्याने यावे लागले. आयुष्यात इतका राग आपल्याला कधी आला नव्हता, असे किंग यांनी पुढे सांगितले. शाळकरी वक्तृत्व स्पर्धांबद्दल नाक मुरडण्याआधी ही एक स्पर्धा लक्षात ठेवायला हवी.

रोटरीच्या शिष्यवृत्तीची सुरुवात एका मृत्यूने झाली. रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये कायमस्वरूपी निधीची कल्पना मांडली होती. त्यात पहिली देणगी आली २६ डॉलर ५० सेंटची. पुढची तीस वर्षे निधी रेंगाळतच वाढला. जानेवारी १९४७ मध्ये पॉल हॅरिस वारले. फुले नकोत, निधीला द्या, अशी भावना होती आणि जगभरातून पैसा येऊ लागला. त्याच वर्षी पहिल्या १८ विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी पाठवले गेले. अट मात्र वेगळी होती: मायदेशात शिकायचे नाही, आणि जिथे जाल तिथल्या क्लबांत जाऊन आपल्या देशाविषयी बोलायचे. म्हणजे इथेही भाषण आलेच! या वाटेने गेलेल्यांत पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले पॉल व्होल्कर आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त सादाको ओगाता आहेत.

पन्नास-साठच्या दशकांत तरुणांना नुसते बक्षीस न देता त्यांचेच क्लब काढण्याची लाट आली. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲबिंग्टन हायस्कूलमध्ये १९५७ चा लायन्सचा पहिला लिओ क्लब, फ्लोरिडातल्या मेलबर्नमध्ये १९६२ चा रोटरीचा पहिला इंटरॅक्ट, नॉर्थ कॅरोलायनात १९६८ चा रोटरीचाच रोटरॅक्ट. रायला हे रोटरीचे तरुणांसाठीचे नेतृत्व शिबिर मात्र ऑस्ट्रेलियाचे. १९५९ मध्ये क्वीन्सलँडच्या शताब्दीला ब्रिटनच्या राजकन्या अलेक्झांड्रा आल्या, त्यानिमित्त रोटरीने तरुण-तरुणींना एकत्र आणले, आणि कार्यक्रम इतका रंगला की तो दरवर्षी होऊ लागला. १९७१ मध्ये रोटरीने तो जगभरासाठी स्वीकारला.

याच सुमारास अमेरिकेत शिक्षणखर्चाचे गणित बदलले. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने आणि १९७२ मध्ये आलेल्या अनुदानाने गरजू विद्यार्थ्यांना सरकारी मदत सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हर गावचे चष्मातज्ज्ञ आयर्व्हिंग फ्रॅडकिन यांनी १९५८ मध्ये गावातल्या प्रत्येकाकडून एक डॉलर मागून शिष्यवृत्ती उभारली, आणि ही पद्धत पुढे शेकडो गावांनी उचलली. अशा जगात स्थानिक क्लबचा पाचशे-हजार डॉलरचा धनादेश शिक्षणाच्या एकूण खर्चात फारसा उठून दिसेना. म्हणून गुणगौरवाला महत्त्व आले असावे. प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातला फोटो, महाविद्यालयाच्या अर्जात लिहिता येईल अशी एक ओळ: क्लबला हे स्वस्तात जमते आणि मुलाला खरोखर उपयोगी पडते.

टेबलाभोवतीची माणसेही हळूहळू बदलली. की क्लबात मुलींना प्रवेश मिळाला १९७७ मध्ये. मोठ्या क्लबांची दारे उघडली ती न्यायालयामुळे: कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते रोटरी क्लबने महिला सभासद घेतल्या, रोटरीने त्या क्लबचीच मान्यता काढली, आणि मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी लायन्स आणि किवानिसनेही नियम बदलले. सोरॉप्टिमिस्ट या महिला संघटनेने तर १९७२ पासूनच वेगळा अर्जदार हेरला होता: घर चालवण्याची जबाबदारी अंगावर असलेली, अर्ध्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा धरू पाहणारी स्त्री. गुणपत्रिकेपेक्षा गरज पाहायची, हा निकष तिथे पहिल्यापासून होता.

अलीकडचा पेच कागदोपत्री आहे. क्लबाला दिलेल्या देणगीवर अमेरिकेत करसवलत मिळत नाही, म्हणून बहुतेक क्लबांनी शिष्यवृत्तीसाठी वेगळे धर्मादाय प्रतिष्ठान काढले. तिथे निवड निःपक्षपाती असावी लागते. सभासदाच्याच मुलाला धनादेश देऊन चालत नाही. १९८६ च्या करकायद्यानंतर शुल्क आणि आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली रक्कमच करमुक्त राहिली, राहण्या-जेवणाची नाही. त्यातच बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही महाविद्यालये स्वतःची मदत तेवढ्याने कमी करतात. क्लबने दिलेले पैसे मुलाच्या हाती न राहता महाविद्यालयाच्या खात्यात जिरतात. मेरीलँडने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक महाविद्यालयांवर याबाबत कायद्याने बंधन घातले. असे करणारे ते पहिले राज्य. नंतर आणखी काही राज्यांनी तोच मार्ग धरला.