पट्टकादंब : खानदेशातील ओळख

पट्टकादंब (ॲन्सर इंडिकस) हा हिवाळी पाहुणा असलेला रानहंस. मंगोलिया, तिबेट, छिंगहाय आणि लडाखमधील त्सो मोरीरी, त्सो कार अशा उंचावरच्या सरोवरांकाठी तो वीण करतो आणि थंडीत हिमालय ओलांडून भारतात उतरतो. खानदेशात त्याला शोधायची जागा म्हणजे तापी-पूर्णा संगमालगतचा हतनूर जलाशय. तापीने आणलेल्या गाळाने हतनूरचे पाणी उथळ केले आहे. धरणाच्या दृष्टीने हे दुखणेच, पण चिखलाच्या उघड्या पट्ट्या हंसांना विश्रांतीसाठी सोयीच्या.

लांबी सुमारे ७१ ते ७६ सेंमी, वजन साधारण दोन ते तीन किलो. अंग फिकट राखाडी, डोके पांढरे, चोच व पाय नारिंगी-पिवळे, चोचीचे टोक काळे. डोक्यामागे दोन काळे पट्टे : वरचा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत, त्याखालचा आखूड. नर-मादी सारखेच दिसतात.

ओळखीसाठी सगळे जण हे पट्टे शोधतात, पण पहिली खूण म्हणून ते फारसे कामाचे नाहीत. दुपारी पाण्यावरची हवा थरथरू लागली की लांबून पट्टे दिसतच नाहीत, आणि पहिल्या वर्षाच्या पिलांना ते नसतातच. त्यांचा माथा व मानेची मागची बाजू सलग गडद असते. त्यापेक्षा मान पाहावी : पुढून-मागून काळपट, दोन्ही बाजूंनी उभी पांढरी रेघ. उडताना पंखांचा पुढचा भाग फिकट राखाडी आणि मागची कड काळी दिसते. पिले पहिल्या हिवाळ्यात आईबापांसोबतच असतात, तेव्हा शंका आली तर शेजारचा पक्षी बघावा.

घोटाळा होतो तो मुख्यतः चक्रवाक व नकट्या या बदकांशी. चक्रवाक पूर्ण तांबूस-नारिंगी, तर नकट्याच्या पांढऱ्या डोक्यावर काळे ठिपके आणि पाठ काळीभोर. कलहंसाची चोच गुलाबी-नारिंगी, डोक्यावर पट्टे नाहीत. इंग्रजी ‘व्ही’सारख्या रांगेत करकोचेही उडतात, मात्र त्यांचे लांब पाय शेपटीमागे ताणलेले दिसतात, हंसाचे दिसत नाहीत. उडतानाचा नाकातून काढल्यासारखा ‘आँग-आँग’ आवाज ऐकला की बहुधा शंका उरत नाही.

दिवस पाण्याकाठी काढून थवे संध्याकाळनंतर हरभरा, गव्हाच्या कोवळ्या पिकात चरायला जातात. सकाळी शेतात कुरतडलेले शेंडे, ओल्या मातीत पडदेदार पावलांचे ठसे आणि गवताचे धागे असलेली हिरवट, लांबट विष्ठा सापडते.

एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी म्हणून त्याची ख्याती आहे, पण ती बरीचशी ऐकीव. उपग्रहाने माग काढलेल्या पक्ष्यांची उंची ७,२९० मीटरपर्यंत नोंदली गेली. बहुतेक प्रवास त्याहून खालून, दऱ्याखिंडींतून होतो. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन चटकन धरते.

एखाद्याच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर त्याचा रंग व त्यावरची अक्षरे लगेच टिपावीत. मंगोलियात वीण करणाऱ्या पट्टकादंबांना त्यांच्या प्रवासाचा माग काढण्यासाठी असे पट्टे लावले गेले आहेत.