पोक, पाठ आणि आदोळी

‘पोक काढू नकोस, ताठ बस’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. ताठ बसलेली पाठसुद्धा तासाभरात अवघडते. एकच एक आदर्श बैठक असते आणि ती मोडली की पाठ दुखते, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. बाधतं ते एकाच स्थितीत फार वेळ राहणं, आणि त्यातही कमरेतून पार वाकून राहणं.

पाठीच्या कण्यात हलते मणके २४: मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५. मोठ्या माणसाच्या मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषण आजूबाजूने झिरपून येतं, आणि त्यासाठी शरीराची हालचाल लागते. स्वीडनचे डॉ. नाकेमसन यांनी माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असतानाचा दाब १०० धरला, तर आधाराविना बसल्यावर तो १४०, बसून पुढे वाकल्यावर १८५ आणि उताणं झोपल्यावर २५ भरला. १९९९ मधल्या एका मोजणीत बसणं आणि उभं राहणं यांत असा मोठा फरक दिसला नाही. पण वाकल्यावर दाब चढतो, हे दोन्हीकडे सारखंच निघालं.

आता गोव्यातल्या स्वयंपाकघरात या. नारळ खवायचा किंवा बांगडे कापायचे तर आदोळी, म्हणजे बसायच्या फळीची विळी लागते, आणि तिची फळी जमिनीपासून वीतभरही उंच नसते. त्यावर बसलं की गुडघे कमरेच्या वर येतात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. मग पात्यापर्यंत पोचायचं ते पाठ वाकवूनच. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू चक्क काम सोडतात आणि भार अस्थिबंधनांवर, म्हणजे हाडं एकमेकांना बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर येतो. ती हळूहळू सैल पडतात. वीसेक मिनिटं असं बसलं, तर तो सैलपणा अर्ध्या तासानंतरही थोडा शिल्लक असतो. म्हणून घोटाळा बहुधा आदोळीवर होत नाही. खवून झाल्या झाल्या उठून भरलेली कळशी किंवा तांदळाची पोती उचलली, तिथे कमर धरते. आधी दोन मिनिटं चाला, कमरेवर हात ठेवून पाच वेळा हलकेच मागे वाका, मग ओझं उचला.

बैठकच बदलायची तर आदोळी रुंद, न डुगडुगणाऱ्या चौरंगावर ठेवा. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर आली की उंची जमली. चौरंग हलत असेल तर नकोच, पुढ्यात धारदार पातं आहे! गुडघे दुखणाऱ्यांनी टेबलाला स्क्रूने बसणारी खवणी घ्यावी, मात्र ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली हवा. ओटा उंच असला की खांदे कानाकडे चढतात आणि दुखणं कमरेतून मानेत जातं.

काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पहाटेच बोंडू (काजूची फळं) वेचायला निघतात. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि अशा वेळी वाकल्यास त्यांच्यावर जास्त ताण येतो. दिवसभरात माणसाची उंची एक-दोन सेंटिमीटर घटते, त्यातली बरीचशी पहिल्या तासातच. त्यामुळे उठल्यावर तासभर तरी खोल वाकू नये. टोकाला खिळा लावलेली काठी वापरावी. वाकावंच लागलं तर पाठ न दुमडता गुडघे किंचित वाकवून खुब्यातून वाकावं.

मोबाइलचं गणित सोपं आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं, आणि ते जितकं पुढे झुकेल तितकं मानेमागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं. ‘मान ६० अंशांत झुकली की तिच्यावर २७ किलो भार’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ मधल्या एका गणिती प्रारूपातला आहे, जिवंत मानेवर मोजलेला नाही. फोन छातीच्या उंचीवर धरा, कोपर दुसऱ्या हाताने पेला. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्याने दोन्ही एकाच वेळी योग्य उंचीवर येत नाहीत. वेगळा कळफलक घेऊन पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर आणा. चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचांचा असेल तर मात्र पडदा खालीच हवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागेल. कमरेमागे पट्ट्याच्या उंचीवर ८-१० सेंटिमीटर जाड टॉवेलची गुंडाळी चालते. अर्ध्या तासाने उठा.

व्यायाम एकच करायचा तर मानेचा: नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे न्या, ५ सेकंद धरा, १० वेळा करा. बहुतेक जण हनुवटी खाली झुकवतात, त्याने उलट मान वाकते. टाचा भिंतीपासून ५ सेंटिमीटर ठेवून पाठ टेकवा. हनुवटी न उचलता डोकं भिंतीला लागत नसेल, तर हा व्यायाम तुमच्यासाठीच आहे. पन्नाशीपुढच्या बाईची उंची तरुणपणापेक्षा ४ सेंटिमीटरहून जास्त घटली असेल, तर व्यायामाआधी हाडांची तपासणी करावी, कारण ठिसूळ मणका न कळतही दबू शकतो. पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरता येणं किंवा लघवी अडणं यांत मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.