जोडणी बंद कोण करणार?

आपण एखादं संकेतस्थळ उघडतो, संदेश पाठवतो, व्हिडिओ लावतो, तेव्हा आपलं यंत्र दूरच्या कुठल्यातरी यंत्राशी जोडणी करतं. जोडणी होते कशी यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ती मिटते कशी, इकडे मात्र लक्ष कमी जातं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना अवेळी उठवणारे कितीतरी बिघाड याच जागी असतात. जोडणी मिटायची राहून गेलेली असते, किंवा दोनदा मिटलेली असते, किंवा पलीकडचं यंत्र केव्हाच गेलेलं असताना इकडे ती चालू आहे असं धरलेलं असतं. सी, सी++, रस्ट अशा सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या भाषांत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट बोलणाऱ्या भाषांत, हा प्रश्न टाळताच येत नाही. त्याचा एक मोठा भाग आता भाषेनेच आपल्या अंगावर घेतला आहे. दुसरा भाग कोणतीही भाषा घेऊ शकणार नाही. हे दोन भाग नेमके कुठे वेगळे होतात, ते पाहण्यासारखं आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे जाळं टीसीपी/आयपीवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करण्याच्या नियमांवर, आलं. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सॉकेट, म्हणजे प्रोग्रामला जाळ्यावरची जोडणी वापरू देणारं साधन, आलं. आजही जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सॉकेटची मांडणी मुळात तीच आहे. सर्व्हर एक सॉकेट तयार करतो, त्याला पत्ता आणि पोर्ट (एकाच यंत्रावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा क्रमांक) देतो आणि ऐकत बसतो. ग्राहक, म्हणजे सेवा मागणारा पलीकडचा प्रोग्राम, जोडणी मागतो. तीन पॅकेटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या गठ्ठ्यांची, देवाणघेवाण होते आणि दोन्ही बाजूंना बाइट वाहून नेणारी वाट तयार होते.

या वाटेचा सगळा संसार कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, असतो. दोन पत्ते आणि दोन पोर्ट, पाठवलेले पण पोच न आलेले बाइट, आलेले पण वाचले न गेलेले बाइट, वेगवेगळी घड्याळं, जोडणीची सध्याची अवस्था, हे सगळं तिथे. प्रोग्रामच्या हातात मात्र फक्त एक छोटा पूर्णांक येतो, समजा ७. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. युनिक्सने सॉकेटला फाइलच्याच पंगतीला बसवलं, त्यामुळे वाचणं, लिहिणं, बंद करणं ही क्रिया दोघांसाठी सारखीच राहिली. हा निर्णय मला फार सुंदर वाटतो. पण पुढचे अनेक घोटाळे त्याच पूर्णांकातून निघाले.

सामान ठेवायच्या खिडकीवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा हा क्रमांक असतो: सामान परत घेतलं की तोच बिल्ला पुढच्याच्या हातात जातो. पोसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीच्या मानकाचा नियमच आहे, की नवी फाइल किंवा सॉकेट उघडताना रिकाम्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक द्यायचा. म्हणजे आत्ता सुटलेला ७ पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणाला मिळण्याची शक्यता भरपूर. आता एकाच प्रोग्राममध्ये दोन थ्रेड, म्हणजे सोबतच चालणारे कामाचे दोन धागे, चालू आहेत असं धरा. पहिल्या थ्रेडने ७ बंद केला. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडकडे नवी जोडणी आली आणि तिला ७ मिळाला. मग पहिल्या थ्रेडमधला आवराआवर करणारा कोड, आधी काय झालं याची खबर नसल्यामुळे, ७ पुन्हा बंद करतो. दुसऱ्या थ्रेडची धडधाकट जोडणी काही कारण नसताना तुटते. याहून वाईट म्हणजे, पहिल्या थ्रेडने बंद करण्याऐवजी ७ वर काही लिहिलं, तर एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच ग्राहकाकडे जाते. कुठेही त्रुटी दिसत नाही, कारण कर्नलच्या दृष्टीने सगळं नियमानुसार चाललेलं असतं. असा बग महिन्यातून एकदा, तोही गर्दीच्या वेळी उगवतो आणि शोधायला बसलं की सापडत नाही.

सीमध्ये हा ७ नुसता पूर्णांक असतो. त्यात १ मिळवून ८ वर लिहिलं तरी कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, हूं की चूं करत नाही. बंद करण्याची क्रियाही दिसते तितकी सरळ नाही. ती चालू असताना मध्येच सिग्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोग्रामला येणारी सूचना, आला तर ती 'अडथळा आला' अशी त्रुटी परत करू शकते. मग पुन्हा प्रयत्न करावा असं कुणालाही वाटेल. पण लिनक्सवर तोपर्यंत क्रमांक मोकळा झालेला असतो, आणि दुसरा प्रयत्न म्हणजे वर सांगितलेलं दोनदा बंद करणंच ठरतं. पोसिक्सच्या २००८ च्या मानकाने अशा वेळी क्रमांकाची स्थिती काय असेल हे अनिश्चितच ठेवलं होतं.

बंद करायला विसरणं हा याच्या उलट दोष. तो सरळ वाटेवर सहसा होत नाही. विनंती वाचली, उत्तर दिलं, जोडणी मिटली, हे सगळे नीट लिहितात. विनंती अर्धवट आली, मेमरी मिळाली नाही, मजकूर चुकीचा निघाला, अशा फाट्यांवरून कोड लवकर परत फिरतो आणि जोडणी उघडीच राहते. पुष्कळ लिनक्स यंत्रांवर एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रामला, एका वेळी १०२४ क्रमांकांचीच मुभा ठरवलेली असते. ती वाढवता येते, पण गळती चालू असेल तर वाढवल्याने फक्त वेळ मिळतो. मर्यादा संपली की सर्व्हर जिवंत दिसतो, पण नवी जोडणी स्वीकारू शकत नाही.

या गळतीची एक ठळक खूण आहे. यंत्रावरच्या जोडण्यांची यादी काढली आणि तिच्यात 'क्लोज-वेट' अवस्थेतल्या जोडण्या वाढत चाललेल्या दिसल्या, की समजावं. पलीकडच्याने आपल्या बाजूने जोडणी संपवली, कर्नलला ते कळलं, त्याने पोचही दिली, आणि आता तो आपल्या प्रोग्रामने बंद म्हणण्याची वाट पाहतो आहे. या अवस्थेला मुदत नसते. प्रोसेस संपेपर्यंत ती तशीच राहू शकते. जाळ्याला दोष देण्याआधी ही यादी पाहावी, कारण क्लोज-वेटचं कारण बहुतेक वेळा आपल्याच कोडमध्ये असतं.

सी++ ने यावर एक फार मोलाची कल्पना रुजवली. जोडणी एका वस्तूच्या पोटात ठेवायची आणि ती वस्तू ज्या कंसात, म्हणजे कोडच्या ज्या तुकड्यात, जन्मली तो कंस संपला की तिचा शेवटचा कोड आपोआप चालवायचा. परत फिरण्याच्या वाटा कितीही असोत, प्रत्येक वाटेवर बंद करणं घडतंच. रस्ट भाषा याच्या पुढे गेली. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं, मोझिलाने नंतर तिला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. रस्टमध्ये प्रत्येक मूल्याला एका वेळी एकच मालक असतो. जोडणी दुसऱ्या फंक्शनला किंवा थ्रेडला दिली की मालकी तिकडे जाते आणि जुन्या नावाने तिला हात लावू पाहणारा प्रोग्राम कंपाइलच होत नाही. मालकाचा कंस संपला की जोडणी मिटते, आणि मालक एकच असल्यामुळे ती एकदाच मिटते. वरची दोन थ्रेडची गोष्ट रस्टच्या नेहमीच्या कोडमध्ये लिहिताच येत नाही. चाचणीत पकडणं अशक्यप्राय असलेला बग प्रोग्राम चालण्याआधीच अडतो, हे मला प्रोग्रामिंग भाषांच्या इतिहासातलं खरंखुरं यश वाटतं. ऑगस्ट २०२२ मधल्या १.६३ आवृत्तीत तर मालकीचा क्रमांक आणि उसना घेतलेला क्रमांक यांसाठी दोन वेगळे टाइप आले. उसन्या क्रमांकाला बंद करण्याचा अधिकार नाही, आणि मूळ मालकापेक्षा जास्त काळ तो टिकूही शकत नाही.

तरी गळती रस्टनेही पूर्ण थांबवलेली नाही. सर्व्हर बहुधा सगळ्या जोडण्या एका मोठ्या तक्त्यात ठेवतो. गेलेल्या ग्राहकाची नोंद तक्त्यातून काढायची राहिली, तर तिला मालक आहेच, तो म्हणजे तक्ता. कंपायलरला तक्रार करायला जागा नाही. जोडणीची गरज संपली की नाही हे प्रोग्रामच्या हेतूवर ठरतं, आणि हेतू कंपायलरला वाचता येत नाही.

आपोआप मिटणं आणि नीट मिटणं यांतही अंतर आहे. टीसीपीची वाट दुहेरी आहे आणि तिच्या दोन्ही दिशा वेगवेगळ्या बंद होतात. 'माझं पाठवून झालं' असं सांगून पलीकडचं ऐकत राहता येतं. त्यासाठी शटडाउन ही वेगळी क्रिया आहे. ती न करता सॉकेट थेट बंद केलं आणि आपल्या बफरमध्ये, म्हणजे आलेले बाइट तात्पुरते ठेवायच्या जागेत, न वाचलेले बाइट शिल्लक असले, तर लिनक्स सभ्यपणे निरोप घेण्याऐवजी 'रीसेट' पाठवतो. तो पोचला की आपण आधी पाठवलेलं उत्तरही पलीकडे वाचलं जाण्याआधी टाकून दिलं जाऊ शकतं. उत्तर पाठवलं, त्रुटी आली नाही, तरी ग्राहकाला मिळालं नाही, या तक्रारीचं मूळ कधीकधी इथे सापडतं. म्हणून काळजीपूर्वक लिहिलेला सर्व्हर आधी आपली दिशा बंद करतो, वाचल्यावर शून्य बाइट हाती येईपर्यंत, म्हणजे पलीकडच्याचंही पाठवून संपेपर्यंत, वाचत राहतो आणि मग सॉकेट सोडतो.

सोडल्यावरही कर्नल ते लगेच विसरत नाही. जो आधी मिटवतो त्याच्याकडे जोडणी 'टाइम-वेट' अवस्थेत थांबते. शेवटची पोच वाटेत हरवली तर ती पुन्हा द्यायला कुणीतरी हवं, आणि रेंगाळलेलं जुनं पॅकेट त्याच पत्त्या-पोर्टांच्या नव्या जोडणीत शिरू नये, ही त्यामागची कारणं. १९८१ च्या टीसीपी मानकाप्रमाणे ही मुदत चार मिनिटं होते. लिनक्स ६० सेकंद थांबतो. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी ३२७६८ ते ६०९९९ हे पोर्ट ठरलेले असतात, म्हणजे २८,२३२. एखादा प्रोग्राम एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टशी सारखी नवी जोडणी करून स्वतःच मिटवत असेल, तर सेकंदाला सुमारे ४७० जोडण्यांच्या पुढे त्याला पोर्ट कमी पडू लागतात. प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी, तरी काम अडलेलं. तयार जोडण्यांचा साठा ठेवून त्याच पुन्हा वापरण्याची पद्धत याचसाठी पडली.

इथपर्यंतचं सगळं एका यंत्राच्या आतलं होतं. आता पलीकडच्या यंत्राची वीज गेली असं समजा. निरोपाचं पॅकेट निघालंच नाही. आपल्या बाजूला जोडणी उघडी आहे, आपण वाचायला बसलो आहोत, आणि टीसीपी गप्प आहे, कारण पाठवण्यासारखं काही नसेल तर टीसीपी काहीच पाठवत नाही. शांत ग्राहक आणि मेलेला ग्राहक इथून अगदी सारखे दिसतात. मालकी कितीही चोख असली तरी हा फरक कंपायलरला कळणं शक्य नाही. तो या यंत्रावर उपलब्ध असलेल्या माहितीतच नाही.

त्यासाठी 'कीप-अलाइव्ह' नावाची सोय आहे, पण ती सॉकेटवर मुद्दाम चालू करावी लागते. चालू केली तरी लिनक्स दोन तास शांततेत काढतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारणा करतो. म्हणजे मेलेली जोडणी ओळखायला दोन तास अकरा मिनिटं. दोन तासांचा हा आकडा १९८९ च्या एका इंटरनेट मानकातून आला आहे. आपण काही लिहिलं आणि पोच आली नाही तर लवकर कळतं, पण तिथेही लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत पंधरा मिनिटांहून जास्त वेळ पुन्हापुन्हा पाठवणं चालू राहतं. हे आकडे आजच्या कामाला फार मोठे आहेत, म्हणून मुदत प्रोग्रामनेच घालायला हवी. रस्टच्या प्रमाणित लायब्ररीतही वाचण्यावर आपोआप मुदत नसते. आपण घातली नाही तर वाचन अनंत काळ थांबू शकतं.

मुदत घालतानाही विचार लागतो. २००९ मध्ये उघड झालेल्या स्लोलोरिस हल्ल्यात हल्लेखोर विनंतीचे तुकडे अधूनमधून पाठवत राही. प्रत्येक तुकड्यागणिक मुदत नव्याने सुरू होई आणि सर्व्हरच्या जोडण्या अडकून पडत. दोन बाइटांमधल्या अंतरावर मुदत पुरेशी नाही, पूर्ण विनंतीवरही हवी.

जोडण्या हजारोंनी वाढल्या की प्रत्येकीला एक थ्रेड देणं परवडत नाही. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका यंत्रावर दहा हजार जोडण्यांचा प्रश्न मांडला. पुढे फ्रीबीएसडीमध्ये केक्यू आणि लिनक्समध्ये ईपोल आले, ज्यांच्यामुळे एकच थ्रेड 'आत्ता कुणाकडे काही आलं आहे' एवढंच विचारून हजारो जोडण्या सांभाळू शकतो. रस्टमधली असिंक पद्धत, म्हणजे एक काम वाट पाहत असताना थ्रेडने दुसरं काम करण्याची पद्धत, याच पायावर उभी आहे, आणि तिथे मालकीचा नियम एक नवा पेच घेऊन येतो. असिंक काम म्हणजेही एक मूल्य असतं. मुदत संपली की ते टाकून दिलं जातं, आणि काम जिथे थांबलं होतं तिथेच संपतं. समजा ते आठ हजार बाइटांचा संदेश लिहीत होतं आणि तीन हजार बाइट कर्नलकडे गेले होते. मेमरी सुरक्षित आहे आणि काही गळलेलंही नाही. पण जोडणी साठ्यातून उसनी घेतलेली असेल तर ती तशीच जिवंत साठ्यात परत जाते, आणि पलीकडचा उरलेल्या पाच हजार बाइटांची वाट पाहत असतो. पुढच्या विनंतीचे पहिले पाच हजार बाइट तो जुन्या संदेशाचाच भाग म्हणून वाचेल. टाकून देताना चालणारा कोड थांबून वाट पाहू शकत नाही, त्यामुळे उरलेला मजकूर तेव्हा पाठवून देणंही जमत नाही. म्हणून साठा लिहिताना लिखाण सुरू करण्याआधी जोडणीवर 'काम अपुरं' अशी खूण करावी लागते आणि शेवटचा बाइट गेल्यावरच ती पुसावी लागते. परत येताना खूण तशीच दिसली, तर ती जोडणी मोडीत काढून नवी उघडायची.