आंधळ्या वसिलीची भाऊबंदकी

मॉस्कोचा महाराजपुत्र दुसरा वसिली १४२५ साली गादीवर बसला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. भांडणाचं बी मात्र त्याच्या जन्माआधीच पडलं होतं. आजोबा दिमित्री दोन्स्कोय १३८९ मध्ये वारले. थोरला मुलगा, म्हणजे वसिलीचे वडील, गेला तर त्याचा वाटा पाठच्या भावाकडे जावा, असं त्यांच्या मृत्युपत्रात होतं. थोरल्याला तेव्हा मूलबाळ नव्हतं, म्हणूनच तसं लिहिलं असावं. पण पाठचा भाऊ, म्हणजे वसिलीचा काका युरी, त्या ओळीवर अडून बसला. भावामागून भाऊ ही रशियातली जुनी रीत त्याच्याच बाजूची.

वसिलीला आधार आजोळचा. आईचे वडील व्हितौतास लिथुआनियाचे अधिपती. ते १४३० मध्ये वारले आणि तंटा गोल्डन होर्डच्या, म्हणजे रशियावर हुकमत गाजवणाऱ्या तातार राज्याच्या, खानापुढे गेला. खानानं पुतण्याला कौल दिला. पुढच्याच वर्षी, १४३३ मध्ये, वसिलीच्या लग्नात त्याच्या आईनं युरीच्या मुलाच्या कमरेचा सोन्याचा पट्टा भर मांडवात हिसकावला. पट्टा आमच्या घरातून चोरीला गेलेला, असं तिचं म्हणणं. पट्टा निमित्तमात्र, पण युरीच्या घराला लढायला तेवढं पुरलं.

युरीनं मॉस्को जिंकून पुतण्याला कोलोम्ना हे जवळचं शहर दिलं. गंमत अशी की मॉस्कोचे सरदार एकेक करून कोलोम्न्यालाच निघाले. ओस दरबारात बसून युरी काय करणार? त्यानं मॉस्को सोडलं. १४३४ मध्ये पुन्हा घेतलं आणि काही आठवड्यांतच तो वारला.

खरं क्रौर्य पुढच्या पिढीचं. १४३६ मध्ये वसिलीनं पट्टेवाल्या चुलतभावाचे डोळे काढवले. १४४५ मध्ये तो स्वतः सुझदलजवळ तातारांच्या हाती सापडला आणि जबर खंडणी कबूल करून सुटला. तो बोजा रयतेवर पडला. त्या रागाचा फायदा दुसरा चुलतभाऊ शेम्याका यानं घेतला. फेब्रुवारी १४४६ मध्ये त्रोइत्सा मठात यात्रेला गेलेल्या वसिलीला त्यानं पकडलं आणि मॉस्कोत आणून आंधळं केलं. ‘त्योम्नी’, म्हणजे आंधळा, हे नाव तेव्हाचं.

वर्षभरात वसिली मॉस्कोत परतला. शेम्याका १४५३ मध्ये नोवगोरोदमध्ये विषप्रयोगानं मेला. तोवर वसिलीनं मुलगा इव्हान याला आपल्या हयातीतच सहराज्यकर्ता करून टाकलं होतं. काकांच्या हक्काचा प्रश्नच उरला नाही.

वसिली १४६२ मध्ये गेला. क्षय झाला म्हणून त्यानं अंगावर डागण्या घेतल्या होत्या, त्या चिघळल्या.