गळू की सेल्युलायटिस: आत पू धरलाय का?

पायावरची एक जागा लाल झाली, सुजली, हाताला गरम लागते आणि ठणकते. हे गळू असेल, नाहीतर सेल्युलायटिस. वरून दोन्ही इतकी सारखी दिसतात की अनुभवी डॉक्टरही फसतात. उपचार मात्र वेगळे. गळवात पू साठलेला असतो. चीर देऊन त्याला वाट करून द्यावी लागते, नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही. सेल्युलायटिसमध्ये जंतुसंसर्ग त्वचेत आणि तिच्याखालच्या चरबीत पसरलेला असतो, साठा कुठेच नसतो. तिथे अँटिबायोटिक हवं. चीर दिली तर हाती काही लागत नाही, रुग्णाच्या पदरी विनाकारण जखम पडते.

गळू पिकलंय का, हे पूर्वापार बोटांनी दाबून बघतात. पू वरवर असला तर कळतंही. खोल असला, सूज टणक असली, की बोटांना अंदाज येत नाही. अशा वेळी सोनोग्राफी करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. यासाठी 10 मेगाहर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरींचा, सपाट तोंडाचा प्रोब (यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग) वापरतात. तो खोलवर पोचत नाही, पण वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचं चित्र फार बारकाईने दाखवतो.

सेल्युलायटिसमध्ये त्वचा जाड दिसते, चरबी धुरकट पांढरी होते आणि तिच्या गोळ्यांमधून द्रवाच्या काळ्या रेघा फिरतात. दगडी फरसबंदीच जणू. पण ही फरसबंदी म्हणजे फक्त सुजेचं पाणी. हृदय कमजोर असलं किंवा पायाच्या शिरांत रक्त तुंबलं तरी चित्र असंच येतं. म्हणून एकट्या चित्रावर जाऊ नये. ताप, लाली, दुखणं हेही जमेस धरायचं आणि दुसरा पायही बघायचा.

गळवाचा बहुधा काळसर खळगा दिसतो आणि त्याच्या मागची बाजू उजळते. घट्ट पू मात्र कधीकधी आजूबाजूच्या भागासारखाच करडा असतो, सहज नजरेतून सुटतो. मग प्रोब हलकेच दाबायचा. पू असला तर आतले कण गिरक्या घेऊ लागतात. चीर देण्याआधी डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावायलाच हवा: गळवाच्या कडेने रक्त वाहताना दिसतं, मध्ये नाही. मध्येच प्रवाह दिसला तर ती लसिकाग्रंथी किंवा फुगलेली रक्तवाहिनी असू शकते. जांघेत तर हे कधीच चुकवू नये.

पहिल्या दिवशी पू दिसला नाही म्हणून पुढे धरणारच नाही, असं नाही. औषध चालू असूनही ठणका वाढला तर एक-दोन दिवसांत पुन्हा सोनोग्राफी करावी. चीर दिल्यानंतरही कोपऱ्यात पू राहिला का, ते तिच्यावर कळतं.

लाली तासातासाला पसरत असेल, वरून दिसतं त्याच्या मानाने वेदना असह्य असतील, कातडी काळी पडत असेल, तर मात्र सोनोग्राफीसाठी थांबू नका. आतलं मांस सडत असण्याची ती लक्षणं आहेत. रुग्णाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.