बंगळूरची स्पोर्ट्स कार, कोल्हापूरचं पासिंग: पात्रता, कागदपत्रं आणि सर्व्हिसिंग

परगावच्या शोरूममधून स्पोर्ट्स कार घेणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘तिकडे स्वस्त पडेल का?’ माझ्या मते पहिला फोन शोरूमला नव्हे, तर आपल्या गावाजवळच्या त्याच ब्रँडच्या वर्कशॉपला करावा. ‘हे मॉडेल तुमच्याकडे वॉरंटीत घेता का? स्कॅनर आणि या गाडीचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन आहे का? लिफ्टवर एवढी खाली बसलेली गाडी चढते का?’ एवढं विचारायचं. बोर्डावर ब्रँडचं नाव असलं म्हणून तिथे प्रत्येक मॉडेलचं काम होतंच असं नाही. उत्तर ई-मेलवर लेखी घ्या. ते आलं की मगच बुकिंगची रक्कम भरा.

स्वस्ताईचं म्हणाल तर जीएसटी देशभर सारखाच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांवर तो ४० टक्के आहे आणि वेगळा सेस उरलेला नाही. दुसऱ्या राज्यात जायचं कारण बहुतेक वेळा हवा तो रंग, हवं ते व्हेरिएंट किंवा लवकर मिळणारी डिलिव्हरी हे असतं. जुनी मंडळी अजून जकातीचं विचारतात. ती राहिलेली नाही.

विक्रेता कोणत्या राज्यातला आहे, यावर पुढची सगळी प्रक्रिया ठरते. तुम्ही कोल्हापूरचे आणि शोरूम मुंबईचं असेल, तर काम सोपं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज त्याच राज्यातल्या डीलरनेच करायचा असतो आणि राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करता येते. पैसे, केवायसी आणि सह्या दिल्या की एमएच ०९ ची नंबरप्लेट लावूनच गाडी घरी येऊ शकते.

शोरूम बंगळूरचं असेल तर अर्जदार तुम्ही स्वतः. तिथला डीलर फक्त तात्पुरती नोंदणी करून देतो. तिला कोणी टीआर म्हणतं, कोणी टेम्पररी पासिंग. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नोंदणीशिवाय, म्हणजे कायम किंवा तात्पुरत्या नंबराशिवाय, गाडी ग्राहकाच्या ताब्यात देताच येत नाही. टीआरची पाटी पिवळी आणि अक्षरं लाल असतात. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर तो डीलरचा ट्रेड नंबर समजा. त्यावर गाडी घेऊन घरी निघायचं नाही, मग सेल्समन कितीही ‘काही होत नाही सर’ म्हणू दे.

इथेच एक मोह होतो. ‘बंगळूरला तुमचा भाऊ राहतो ना? त्याच्या पत्त्यावर इथलंच पासिंग करू.’ हे करू नका. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आहे आणि त्यावर सेस. म्हणजे ६० लाखांच्या गाडीला सेस धरायच्या आधीच १० लाख ८० हजार झाले. पुढे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात राहिली की कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २८ वर तिकडची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), फॉर्म २७ वर इकडचा अर्ज आणि पुन्हा इथला कर. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेटे तुम्हालाच घालावे लागतात. उलट्या दिशेची युक्तीही अंगाशी येते. कमी करासाठी पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यावर महागड्या गाड्या नोंदवल्याची प्रकरणं केरळात २०१७ मध्ये थेट फौजदारी गुन्ह्यांपर्यंत गेली होती. गाडी जिथे राहणार, पासिंग तिथलंच.

आता महाराष्ट्रातला कर. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल, तर सरसकट २० टक्के. भारतात जुळणी झालेल्या ६० लाखांच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर ७ लाख ८० हजार, तर प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर १२ लाख. सीए ‘कंपनीत घ्या, घसारा मिळेल’ म्हणतो तेव्हा हा ४ लाख २० हजारांचा फरक त्याच्यासमोर मांडा. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. पोर्शे ९११ पूर्ण बांधून परदेशातून येते. अशा दोन कोटींच्या आयात गाडीला २० टक्क्यांनी ४० लाख होतात, पण मर्यादेमुळे भरायचे ३० लाख.

सतत बदली होणाऱ्यांसाठी बीएच, म्हणजे ‘भारत’ ही नोंदणी मालिका आहे; राज्य बदललं तरी तिचा नंबर बदलावा लागत नाही. ती १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, संरक्षण दलं, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी पात्र ठरतात. सरकारी माणसाला ओळखपत्र पुरतं, खासगीवाल्याला मालकाकडून फॉर्म ६० मध्ये प्रमाणपत्र लागतं. २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला दर १२ टक्के आहे, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. स्वतःचा धंदा असलेल्याला बीएच नाही. यावर वाद घालून उपयोग होत नाही, मी घालून पाहिला आहे.

कागदपत्रं. मुख्य अर्ज फॉर्म २० चा. कर्ज असेल तर त्यावर बँकेचीही सही हवी. डीलरकडून फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाचा फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, मूळ टॅक्स इन्व्हॉइस आणि टीआर. तुमच्याकडून पॅन, आधार किंवा पासपोर्टसारखा पत्त्याचा पुरावा आणि फोटो. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणीकृत करारनामा जवळ असू द्या. सोबत विमा पॉलिसी आणि चॅसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. नोंदणी शुल्क ६०० रुपये, आयात गाडीला ५,०००, आणि कर्जाचा बोजा चढवायचे १,५०० वेगळे. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर घेतो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो. पैसे आरटीजीएसने आणि डीलर कंपनीच्याच खात्यात टाका, एक्झिक्युटिव्हच्या नव्हे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख तर कायद्यानेच चालत नाही.

यातल्या प्रत्येक कागदावरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी जुळवून पाहा, एकेक अक्षर बोट ठेवून. माझ्या वेळी पॉलिसीत आठच्या जागी ‘बी’ पडला होता. पॉलिसी दुरुस्त होऊन येईपर्यंत बारा दिवस गाडी कव्हरखाली उभी. शेजारचे रोज विचारायचे, ‘चालवत नाही का?’

विमा डिलिव्हरीच्या आधी आणि तुमच्या इथल्या पत्त्यावर काढा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण एकेका वर्षाचंही घेता येतं. गाडी बंद ट्रकमधून येणार असेल तर वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा कोणाच्या नावावर आहे ते विचारा. उतरवून घेताना पुढच्या बंपरचा खालचा ओठ, चारही रिम आणि अंडरबॉडीचा व्हिडिओ काढा, आणि ट्रकवाल्याच्या पावतीवर सही त्यानंतर करा. स्वतः चालवत आणणार असाल तर बंगळूर ते कोल्हापूर साधारण ६०० किलोमीटरच्या प्रवासात रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवण्याचे नियम पाळा. किती आरपीएमच्या वर जायचं नाही, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

गाडी पोचली की वाट पाहत बसू नका. प्रवासाचे दिवस सोडून ताबा घेतल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो. सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर अर्ज आणि कर भरायचा, मग गाडी आरटीओच्या निरीक्षकाला दाखवायची तयारी ठेवायची. चॉइस नंबर हवा असेल तर हे सगळं सुरू होण्याआधीच तो घ्या. नंबर पडल्यावर हाय सिक्युरिटी प्लेट त्याच ब्रँडच्या इथल्या डीलरकडून बसवून घ्या. फास्टॅग चॅसिस नंबरवर निघालेला असतो, त्याला गाडीचा नवा नंबर जोडा.

सर्व्हिसिंगकडे वळू. उत्पादकाची वॉरंटी शोरूमची नसते, त्यामुळे ती साधारणपणे देशातल्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. डीलरने स्वतःच्या पदरची म्हणून दिलेली ‘दोन फ्री सर्व्हिस’ मात्र त्याच्याच दारात चालते. त्या ऐवजी किमतीत सूट मागा. पीडीआयची, म्हणजे डिलिव्हरीपूर्व तपासणीची यादी आणि वॉरंटी सुरू झाल्याची तारीख मागून घ्या. पहिल्या आठवड्यात इथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांच्या सिस्टिममध्ये गाडी दिसते का ते पाहा. बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिलं झाली. तरीही वॉरंटीच्या काळात अशा गाडीचं ऑइल ओळखीच्या मिस्त्रीकडे बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक्झॉस्ट बदलायचा विचारही तूर्त सोडा. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. पेट्रोलचं विचाराल तर टाकीच्या झाकणामागे लिहिलेला ऑक्टेन वाचा. इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल, एक्सपी ९५, प्रत्येक पंपावर नसतं, घराजवळचा पंप आधी हेरून ठेवा.

आणि गाडीत दोष निघाला तर? तक्रारीसाठी बंगळूरला जावं लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्या ठिकाणी तक्रार करता येते, ई-जागृती या संकेतस्थळावर ऑनलाइनही. गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ‘हे ग्राहकच नाहीत, व्यापारी हेतूने घेतली आहे’ हा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढतो.